बॉल-स्टिकचा सेट: अ‍ॅडमंटेनला पास, क्युबेनला नापास

बॉल म्हणजे अणू, काड्या म्हणजे बाँड, अशी रेणूंची मॉडेल करायचा हा प्लास्टिकचा सेट. आधी मार्क सांगतो म्हणजे घाईतल्यांची सुटका: पाचपैकी साडेतीन. मिथेन, इथेन, बेंझीन एवढंच करून बघायचं असेल तर पैसे घालू नका, कणकेच्या गोळ्या आणि टूथपिकात ते होऊन जातंय. पण केज कंपाउंड, म्हणजे सगळ्या बाजूंनी बंद पिंजऱ्याच्या आकाराचे रेणू असतात ते, हातात धरून, उलटेपालटे करून बघायचे असतील तर ह्या किमतीत कोल्हापुरात मला तरी दुसरं काही मिळालं नाही. जे मिळालं त्यात चांगलं काय, वाईट काय ते सविस्तर लिहितोय, कारण खोक्यावर काही लिहिलेलं नसतं आणि दुकानात कोणी सांगत नाही.

मी एका कॉलेजात सीएचबीवर (तासाप्रमाणे पैसे) बीएस्सी-एमएस्सीला ऑरगॅनिक शिकवतो. सीएचबी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना साडेसातशे रुपये खिशातून घालणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. दुकान शाहूपुरीतलं, कॉलेजच्या लॅबला बीकर-टेस्टट्यूब पुरवणारं जुनं सायंटिफिक, नाव घालत नाही कारण पुढं थोडी कुरकुर आहे. काउंटरवरचे काका सेट काढता काढता म्हणाले, "सर, नीट-जेईईची पोरं हाच नेतात." म्हटलं काका, मला अ‍ॅडमंटेन करायचाय, असलाच एक पिंजरा आहे, होईल का ह्यात? "सगळं होतंय वं त्यात, न्या बिनघोर." त्यांना अ‍ॅडमंटेन काय ते माहीत नव्हतं हे चेहऱ्यावरनं दिसत होतं, पण उत्तर इतकं ठाम होतं की पुढं विचारायची सोयच नव्हती.

खोक्यात काय येतं: काळे कार्बन चोवीस, पांढरे हायड्रोजन तीस, लाल ऑक्सिजन बारा, निळे नायट्रोजन फक्त चार, हिरवे क्लोरीन सहा, मग आखूड कडक काड्या चाळीस आणि डबल बाँडसाठी लांब वाकणाऱ्या काड्या बारा. काड्या उपसून काढायला एक चिमट्यासारखं प्लास्टिकचं हत्यार येतं ते बिनकामाचं आहे, दातानं काढू नका फक्त. बॉलची भोकं चांगली पाडलेली आहेत, १०९.५ अंशाचा कोन (कार्बनचे चार बाँड एकमेकांशी आपणहून करतात तो) बऱ्यापैकी बरोबर येतो, आणि सगळा खेळ त्या कोनाचाच आहे त्यामुळं ह्या एका गोष्टीसाठी कंपनीला पूर्ण मार्क. रंग हाताला लागत नाही. वास मात्र पहिले काही दिवस येतो, नव्या रेनकोटचा येतो तसला.

आता सेट कशाला लागला ते. अ‍ॅडमंटेन फळ्यावर काढणं म्हणजे एक वैताग. दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, चार सायक्लोहेक्झेनच्या खुर्च्या (सहा कार्बनची रिंग निवांत बसते तो खुर्चीसारखा आकार) एकमेकीत अडकलेल्या, आणि फळा सपाट. मी काढतो, पोरं वहीत नक्षी उतरवून घेतात, परीक्षेत तीच नक्षी परत काढतात आणि एक रेघ चुकली की त्या रेणूचं काहीतरी भलतंच होऊन बसतं. मोबाईलवर फिरवून दाखवणारी ॲप फुकट आहेत, ती पण वापरून झाली, पण पडद्यावर सगळेच रेणू सारख्याच सहजपणे फिरतात. कुठला आरामात बसलाय आणि कुठला जोर करून वाकवलाय हे बोटांना कळायला पाहिजे, आणि माझ्या मते केज कंपाउंड शिकवताना अर्धं काम तिथंच होतं.

तर अ‍ॅडमंटेन ह्या सेटवर एक नंबर होतो. आधी एक खुर्ची करायची, तिचे एकाआड एक तीन कार्बन वरून पकडायचे, शेवटचा कार्बन बसवला की टक्क आवाज येतो आणि एकदम सगळं घट्ट होतं, मग कुठंही दाबा, हलत नाही. साधा सायक्लोहेक्झेन हातात लुळा पडतो, बोटानं दाबला की खुर्चीची होडी होते, हा मात्र टेबलावरनं खाली पडला तरी शाबूत राहिला. एकही काडी वाकलेली नाही, एकही भोक ताणलेलं नाही. हिऱ्याच्या जाळीतला सगळ्यात लहान पिंजरा उचलून त्याच्या मोकळ्या टोकांना हायड्रोजन लावले की हाच रेणू होतो, मग आरामात का नाही बसणार. पोरांना हे सांगताना मला गेल्या वर्षीपर्यंत हातवारे करायला लागायचे.

हा रेणू आधी सापडला तो कुठल्या लॅबमध्ये नाही तर खनिज तेलात, १९३३ साली, चेकोस्लोव्हाकियातल्या होडोनिनच्या तेलात, स्तानिस्लाव लांडा आणि त्याच्या सहकाऱ्याला. मग १९४१ ला व्लादिमिर प्रेलॉगनं तो लॅबमध्ये केला पण हाताला आला किती, तर ०.१६ टक्के. एवढी भांडी घासून ०.१६ टक्के! प्रेलॉगला पुढं १९७५ मध्ये नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामाला. खरी गंमत १९५७ ला झाली, पॉल श्लायर नावाच्या अमेरिकन केमिस्टनं पेट्रोकेमिकलमधला स्वस्तातला डायसायक्लोपेंटाडाईन घेतला, हायड्रोजनेट केला आणि ॲल्युमिनियम क्लोराईड घातलं, तर आतले बाँड सरकत सरकत शेवटी अ‍ॅडमंटेनवर येऊन थांबले. का थांबले तर दहा कार्बन-सोळा हायड्रोजनच्या त्या सगळ्या भावंडांत सगळ्यात निवांत बसलेला हाच. हे वाक्य मी वर्गात दरवर्षी बोलतो, पण पोरांनी हातात धरून दाबून बघितल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी मान डोलावली. औषधवाल्यांना हा रेणू परवडायला लागला तो पण तिथनंच.

घरी टेबलावर तो ठेवला होता तेव्हा चुलतभाऊ आला, तो शिरोली एमआयडीसीत सँड कोटिंगच्या प्लांटला आहे. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी: इथं फाउंड्री लय आहेत, आणि शेल कोअरसाठी (ओतकामात आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) वाळूला रेझिन चढवून देणारे प्लांट पण आहेत. त्याला म्हटलं थांब, तुझ्या ओळखीचा दाखवतो. अ‍ॅडमंटेनचे चार कोपऱ्यांवरचे काळे बॉल काढले, तिथं चारी निळे नायट्रोजन घातले, कोपऱ्यावरचे पांढरे चार बाजूला ठेवले. "हे बघ तुझं हेक्झा." त्यानं हातात घेऊन फिरवून बघितलं आणि म्हणाला, "आयला, एवढं देखणं असतंय व्हय? आमच्यात पोत्यावर पोती ओततोय राव, नाकात अमोनिया जातोय ते वेगळंच."

हेक्झामिन म्हणजे बुटलेरोव्हनं १८५९ मध्ये केलेला रेणू, आणि एक्स-रेनं ज्याची रचना सगळ्यात आधी सापडली तो सेंद्रिय रेणू पण हाच, १९२३, डिकिन्सन आणि रेमंड. रेझिनच्या वाळूत तो काय करतो? साचा तापला की पिंजरा फुटतो, आतलं फॉर्मल्डिहाईड रेझिनच्या साखळ्या एकमेकांना बांधतं, कोअर टणक होतो आणि अमोनिया भावाच्या नाकात जातो. आता औषधाचं ऐका. हाच पिंजरा मिथेनामिन नावानं लघवीच्या इन्फेक्शनवर शंभर वर्षांहून जास्त काळ देतायत. पोटात गेला, रक्तात गेला, काही होत नाही, पण लघवी आम्लधर्मी असली की तिथं फुटतो, फॉर्मल्डिहाईड सुटतं आणि जंतू मरतात. मधल्या काळात अँटिबायोटिक आले तशी ह्याला कोणी विचारेना, आता परत दिवस आलेत, ब्रिटनमधल्या बायकांवरची एक मोठी ट्रायल २०२२ मध्ये छापून आली त्यात वारंवार होणारं इन्फेक्शन टाळायला ते रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचं निघालं, आणि जंतू सरावण्याची भीती त्यात कमी. शिरोलीत वाळूत जातंय आणि तिकडं मूत्राशयात, रसायन तेच. भावाला हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला साहेबाला सांगतो, पगार वाढवा म्हणून.

ह्या उद्योगात सेटची एक खोट कळली: निळे बॉल चारच. हेक्झामिन केला की संपले.

औषधांसाठी सेट चालतो का, हा फार्मसीवाल्यांचा प्रश्न असणार म्हणून जरा जास्त लिहितो. अ‍ॅडमंटेनच्या कोपऱ्यावरचा एक पांढरा बॉल काढा, तिथं निळा लावा, त्याला दोन पांढरे. झालं अमँटाडीन. पांढऱ्याच्या जागी निळ्याच्या आधी एक कार्बन आणि त्याला मिथाईल घातलं की रिमँटाडीन. अमँटाडीनवरच उरलेल्या कोपऱ्यांपैकी दोघांवर मिथाईल बसवले की मेमँटिन. एकदा पिंजरा झाला की पुढचं सगळं दोन-चार काड्यांचं काम, आणि हे करताना पोरांना आपोआप दिसतं की औषध वेगवेगळी आहेत पण बॉडी एकच आहे, हेडलाईट बदललेत फक्त. हायड्रोजन तीसच असल्यानं दोन औषधं शेजारी शेजारी पूर्ण करून ठेवता येत नाहीत ही तक्रार, एक मोडून दुसरं करायला लागतं.

अमँटाडीन अमेरिकेत १९६६ ला फ्लूसाठी मंजूर झालं. इन्फ्लुएन्झा ए च्या अंगावर एम२ नावाचं एक बारीक छिद्र असतं, त्यातनं प्रोटॉन आत गेले की व्हायरस सुटा होऊन कामाला लागतो, हा गोल पिंजरा बरोबर त्या छिद्रात जाऊन बूच मारून बसतो. आता तो गोल, तेलकट, टणक आहे म्हणूनच तिथं बसतो हे मॉडेल हातात असताना समजवायला लागत नाही. पुढं व्हायरसनं छिद्राच्या आतलं एक अमिनो आम्ल बदललं आणि बूच ढिलं झालं, जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेनं सांगून टाकलं की फ्लूला आता हे वापरू नका. संपलं म्हणायचं? नाही. १९६८ मध्ये पार्किन्सनची एक बाई फ्लू होऊ नये म्हणून अमँटाडीन घेत होती, तिच्या लक्षात आलं की गोळी चालू असेपर्यंत थरथर आणि ताठरपणा कमी होता आणि बंद केल्यावर परत आला. तिनं ते डॉक्टरला सांगितलं, डॉक्टरनं ऐकून घेतलं (हे पण कमी नाही), पुढच्या वर्षी श्वाब आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, आणि फ्लूतनं हाकललेलं औषध पार्किन्सनमध्ये आजही चालू आहे.

मेमँटिनची गोष्ट तर ह्याच्यावर ताण. एली लिली कंपनीनं १९६० च्या दशकात तो रेणू केला तो रक्तातली साखर उतरेल म्हणून. साखर काही उतरली नाही. मग जर्मनीतल्या मर्झ कंपनीच्या हातात जाऊन तो मेंदूकडं वळला, मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरची वाहिनी गरजेपेक्षा जास्त उघडी राहिली की तिच्यात जाऊन बसतो पण लगेच निघतो पण, कायमचा अडकून बसत नाही, त्यामुळं मेंदूचं नेहमीचं काम बंद पडत नाही. अल्झायमरसाठी युरोपात २००२, अमेरिकेत २००३. आमच्या मोठ्या आत्यांना चालू आहे, आजार बरा होत नाही हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलंय, त्रास थोडा पुढं ढकलला जातो इतकंच.

आणि साखरेचं काय, तर पिंजऱ्यानं तो हिशोब नंतर वेगळ्या दारानं चुकता केला. आण्णांच्या शुगरच्या गोळीच्या पाकिटावर बघितलं, विल्डाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन. विल्डाग्लिप्टिनमध्ये आहे बघा अ‍ॅडमंटेन, एका कोपऱ्यावर ओएच, दुसऱ्या कोपऱ्यावर नायट्रोजन, पुढं साखळी आणि तिच्या टोकाला पाच जणांची रिंग नि सायनाईड गट (घाबरू नका, तो नायट्राईल आहे, विष नाही). ह्यात पिंजऱ्याचं काम मजेशीर आहे. त्या रेणूचा नायट्रोजन वळून स्वतःच्याच शेपटीवरच्या नायट्राईलला धरायला बघतो, धरला की औषध बाद, पिंजरा मध्ये आडवा आला की त्याला सहज वळता येत नाही. हे मॉडेलवर केलं, हायड्रोजन न लावता नुसता सांगाडा, निळे तीन लागतात, पुरतात. आण्णांना दाखवलं तर ते म्हणाले, "ह्याला पूर्वी किती पैसे घ्यायची माणसं." खरंय, भारतात त्याचं पेटंट डिसेंबर २०१९ मध्ये संपलं आणि सगळ्या कंपन्या उतरल्यावर गोळीचा भाव धाडकन खाली आला. सॅक्साग्लिप्टिन, २००९ ची, ती पण ह्याच घराण्यातली.

पुतणीच्या पिंपल्सच्या जेलवर अ‍ॅडापॅलिन लिहिलंय, त्यात पण हा पिंजरा आहे, अमेरिकेत १९९६ पासून. ते मात्र ह्या सेटवर होत नाही, अठ्ठावीस कार्बन लागतात आणि खोक्यात चोवीस. अरे चार जास्त घातले असते तर काय झालं असतं! म्हणजे एका साध्या मध्यमवर्गीय घरातल्या औषधाच्या डब्यात तीन ठिकाणी अ‍ॅडमंटेन निघाला आणि आम्ही बीएस्सीला तो एक मार्काच्या प्रश्नात संपवतो. (हे सगळं मॉडेल करून बघण्यापुरतं आहे, गोळी डॉक्टर सांगतील तीच आणि तेवढीच, मला विचारू नका.)

आता जिथं सेट नापास झाला ते. क्युबेन. आठ कार्बन, आठ हायड्रोजन, नुसता चौकोनी ठोकळा. कडक काड्यांनी तो होणारच नाही, कारण कोन नव्वदचा पाहिजे आणि भोकं १०९.५ ला पाडलेली. वाकणाऱ्या काड्या बरोबर बारा आहेत आणि क्युबेनला कार्बन-कार्बन बाँड पण बारा, त्यामुळं कंपनीनं मुद्दाम ठेवल्या असतील असं वाटून मी खूश होतो. काड्या सगळ्या बाहेरच्या बाजूला फुगत गेल्या, अकराव्या काडीपर्यंत धरलं, बारावी घालताना एका कार्बनचं भोक कड्कन चिरलं. बॉल गेला. एक काडी पण पांढरी पडली, ती आता सरळ होत नाही. दुकानात नेऊन दाखवलं तर काका म्हणाले, "जोर लावला असणार सर तुम्ही." सुटे बॉल मिळत नाहीत, अख्खा सेटच घ्यायचा, आणि बदलून देत नाहीत. साडेसातशेच्या मालात सुटा भाग न मिळणं हे मला पटलेलं नाही आणि अर्धा मार्क त्यातच गेला.

पण खरं सांगू का, त्या फुटलेल्या बॉलनं तास चांगला झाला. काड्या बाहेर फुगल्या ना, तसेच खऱ्या क्युबेनमधले बाँड पण दोन कार्बनच्या सरळ रेषेत नसतात, थोडे बाहेर झुकलेले असतात. ताण १६० किलोकॅलरी प्रति मोलच्या आसपास आहे. हा रेणू होणार नाही, झाला तरी टिकणार नाही असं भले भले म्हणत होते. शिकागोत फिलिप ईटन आणि थॉमस कोल ह्यांनी १९६४ मध्ये तो करून दाखवला आणि तो नुसता टिकला नाही, तर १३० अंशाच्या जरा वर वितळतो आणि २०० च्या वर नेल्याशिवाय बिघडत नाही. इतका ताण असून का फुटत नाही? कारण एक बाँड तुटून काही उपयोग नसतो, बाकीचे अकरा बाँड कोपऱ्यांना धरून ठेवतात, सुटायला सोपी वाटच नाही. आमचा प्लास्टिकचा बॉल फुटला, खरा कार्बन टिकला, असं एका पोरीनं जर्नलमध्ये लिहिलं, मी त्यावर बरोबरची खूण केली.

औषधात क्युबेन कशाला, तर बेंझीनच्या जागी. ईटनच्याच डोक्यातलं, १९९२ पासूनचं: बेंझीनच्या रिंगेची समोरासमोरची लांबी २.७९ अँगस्ट्रॉम, क्युबेनचा कोपरा ते समोरचा कोपरा २.७२. म्हणजे औषधातली चपटी रिंग काढून तिथं ठोकळा बसवला तर मापात बसतो, शिवाय चपट्या रिंगा एकावर एक रचून विरघळायला त्रास देतात तो कमी व्हायची आशा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या गटानं २०१६ मध्ये माहितीतली औषधं आणि शेतीची रसायनं घेऊन हे खरोखर करून बघितलं, काही ठिकाणी क्युबेनवालं मूळच्या बरोबरीनं किंवा त्याहून बरं चाललं, काही ठिकाणी पडलं. फायझरनं २०१२ मध्ये त्याहून लहान पाच कार्बनचा पिंजरा अशाच रिंगेच्या जागी घालून विरघळणं सुधारल्याचं दाखवलं, तेव्हापासून औषध कंपन्यांत ह्या बारक्या पिंजऱ्याचा सुळसुळाट आहे. तो पाच कार्बनवाला ह्या सेटवर करायला जाऊ नका, ते क्युबेनपेक्षा वाईट.

जुगाड सांगतो. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब मिळते, काळी बारीक रबरी नळी, अरविंद गुप्तांच्या काड्यापेटीच्या खेळण्यांमुळं बऱ्याच जणांना माहीत असेल. ती बोटाच्या पेराएवढी कापून आखूड काडीच्या तुकड्यांना दोन्हीकडून घातली की पाहिजे तशी वाकते आणि बॉलला जोर येत नाही. क्युबेन अशानं व्यवस्थित उभा राहतो. महापालिकेच्या मागं नाहीतर लक्ष्मीपुरीत कुठंही मिळेल, दहा-वीस रुपयांत काम.

कुकसनचा पिंजरा पण करून बघा, मला सगळ्यात आवडलेला तोच. सायक्लोपेंटाडाईन आणि बेंझोक्विनोन, डील्स-आल्डर (दोन रेणू जुळून नवी रिंग होते ती रिॲक्शन), एंडो (एक भाग दुसऱ्याच्या खाली दुमडलेला). करून हातात धरला की दिसतं की रेणूची घडी पडलीय आणि दोन डबल बाँड आपोआप समोरासमोर आलेत. कागदावर हे दिसत नाही म्हणजे नाहीच. त्यावर यूव्ही प्रकाश टाकला की दोघं जोडले जातात आणि पिंजऱ्याचं दार बंद, अकरा कार्बनचा पिंजरा. मॉडेलवर डबल बाँडच्या वाकड्या काड्या काढायच्या आणि तिथं तयार होणाऱ्या चौकोनाला व्हॉल्व्ह ट्यूब लावायची. वर्गात एकदम शांतता झाली होती, मग मागनं कोणीतरी "नाद खुळा" म्हणालं. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी ह्या पिंजऱ्याला नायट्रोजन लावून एनजीपी१-०१ नावाचा रेणू केलाय, तो कॅल्शियमची वाहिनी आणि एनएमडीए दोन्ही अडवतो, मेंदूच्या पेशी वाचवता येतील का ह्यासाठी अभ्यास झालेत, दुकानात येईल असं औषध अजून नाही. आपल्याकडं आयआयटी मुंबईत संबाशिवराव कोठा ह्यांच्या लॅबनं कुकसनच्या पिंजऱ्यापासनं पुढं कितीतरी नवे आकार केलेत. आणि हैदराबाद विद्यापीठात गोवर्धन मेहतांनी १९८७ मध्ये सेकोहेक्झाप्रिझ्मेन केला, म्हणजे हेक्झाप्रिझ्मेनला (दोन षटकोन एकावर एक जोडलेला डबा) फक्त एक बाँड कमी, तो शेवटचा बाँड काही लागला नाही. बारा कार्बन आहेत, सेटवर करता येतो, आणि तो एक बाँड न लावता ठेवून पोरांना विचारायला मजा येते की लावा बघू.

वेळ असेल तर डोडेकाहेड्रेन करा, वीस कार्बन, पंचकोनांचा चेंडू, लिओ पॅकेटनं १९८२ ला केलेला. कोन १०८, भोकं १०९.५, त्यामुळं एकदम मऊ बसतो, कडक काड्याच लागतात. औषधाला काही उपयोग नाही, शोकेसमध्ये ठेवायला भारी. माझ्या बायकोनं तो टीव्हीवर ठेवलाय आणि सेटमध्ये वीस कार्बन कमी झालेत, हा मुद्दा पण विकत घेताना लक्षात ठेवा.

बाकी किरकोळ. सोबतच्या पुस्तिकेत मिथेनपासून ग्लुकोजपर्यंत चित्रं आहेत, पिंजऱ्याचं एकही नाही, आणि स्पेलिंगच्या चुका इतक्या की पोरांना देऊ नये. खोक्याचं झाकण आठवड्यात फाटलं, आता सगळं चितळेंच्या बाकरवडीच्या डब्यात आहे. बीएस्सी-एमएस्सी, बी.फार्मवाल्यांनी घ्या. नीटवाल्यांनी मित्राचा मागून वापरा. ज्यांना क्युबेन किंवा लहान रिंगांवरच काम करायचंय त्यांनी वाकड्या कोनाचे बॉल असलेला महागातला सेट मागवावा, ह्याच्यावर ताकद घालवू नये.

घेताना काउंटरवरच खोकं उघडून काळे बॉल मोजून घ्या, माझ्या ओळखीतल्या एकाला तेवीसच निघाले. दुपारी दीड ते चार दुकान बंद, यूपीआय चालतंय, बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. गाडी लावायला जागा अजिबात नाही, एसटी स्टँडकडनं चालत गेलेलं बरं.